प्रसाद जागेवरच

मेडशीच्या म्हातारखान्यात स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा तर आधी पाय धुवावे लागत, मग हात, आणि हात धुताना सांडलेलं पाणी पायांवर उडालं म्हणून पुन्हा एकदा पाय. एवढं करूनही आत शिरायला मिळेलच असं नव्हतं. कस्तुराबाई चुलीपाशी बसलेली असली की नुसती मान हलवायची, आणि माणूस ओल्या पायांनी आल्या वाटेनं परत जायचा.

तोंडानं ती नाही म्हणत नसे, कारण चातुर्मासात चूल पेटल्यापासून नैवेद्य दाखवीपर्यंत मौन हा तिचा नेम होता. असे नेम पुष्कळ. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, बुध-बृहस्पतीचे दोन दिवस जोडीनं, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा, रविवार सूर्यनारायणाचा. एकादशी, प्रदोष आणि चतुर्थी हे वरून येणारे पाहुणे. म्हातारखान्यातला उदयसिंग म्हणायचा की आठवड्यात आणखी एखादा वार निघाला, तर बाई त्याचाही उपास धरून मोकळी होईल.

म्हातारखाना हे नाव गावानं दिलेलं. दौलतराव पाटलांनी आईच्या नावानं सडकेवरची आपली कापसाची वखार झाडून-सारवून घेतली, ज्यांना सांभाळणारं कोणी नाही अशा म्हाताऱ्यांना तिथं आसरा दिला आणि दारावर ‘निराधार आश्रम’ अशी पाटी लावली. पण दवाखाना, यतीमखाना या चालीवर लोकांनी म्हातारखाना म्हटलं, आणि पाटी वाचणारं आत फारसं कोणी नव्हतं. एका मोठ्या दालनात एकीकडे बाया, दुसरीकडे बाप्ये, मध्ये भिंतीत मारुतीची देवळी, आणि मागच्या अंगाला कस्तुराबाईचं स्वयंपाकघर.

ती मालेगावकडची, माळ्याच्या घरची. नवरा गेला, मूलबाळ नव्हतंच, आणि पुतण्यांनी मळा वाटून घेतला तेव्हा वाटणीत काकू कोणाकडे हे ठरवायचं राहून गेलं. पाटलांनी तिला रांधायला आणलं. तेव्हापासून या जगात तिचं म्हणावं असं एकच ठिकाण होतं, ती चूल आणि तिच्याभोवतीची सारवलेली जमीन. तिथं ती लाकडंसुद्धा धुऊन वाळवून मग चुलीत घालायची. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळलेलं, ज्वारीच्या कणगीत कडुनिंबाचा पाला. दूध-दही शिंक्यावर. खाली ठेवायचं ते पाटावर, आणि पाटाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत उभे, म्हणजे मुंगीनं यायचं तर पोहत यावं. मुंग्यांना आपल्या घरात थारा नाही याचा तिला थोडा अभिमान होता. हाकललेल्या मुंग्या जातात कुठं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

अशा घरात श्रावण लागला आणि पोटं बिघडली.

आधी पुंजाजी, मग जमनाबाई, मग एकेक करत सगळं दालन. टमरेलं होती थोडी आणि गरज सगळ्यांची एकदमच, त्यामुळे पहाटे भांडणं लागायची. उदयसिंग पूर्वी पोलिसात हवालदार होता. त्यानं सगळी टमरेलं स्वतःच्या ताब्यात घेतली आणि दाराशी उभं राहून नंबर लावले. आपला नंबर तो पहिला लावत असे. जमनाबाई त्याला म्हणाली की सरकारनं तुले पेन्शन देल्ली ते काही उगाच नाही, तुले घरी पाठवाले कारन पाहिजे होतं. पण हसायलाही कोणाच्या अंगात त्राण नव्हतं.

मालेगावच्या दवाखान्याचे डॉक्टर सायकलवरून आले. पाणी उकळून द्या, भाताची पेज द्या म्हणाले, पुड्या देऊन गेले. कस्तुराबाईनं पाणी उकळलं, पेज केली, आणि मनातल्या मनात मारुतीला बोलली की माझी म्हातारी माणसं बरी कर, सव्वा शेराचा शिरा वाटीन. मारुतीनं ऐकलं. माणसं उठून बसली. तिनं साजूक तुपातला शिरा केला, वर तुळशीचं पान ठेवलं, आणि प्रत्येकाच्या ओंजळीत मावेल त्याहून थोडा जास्तच घातला. हात आखडून प्रसाद द्यायचा नाही, हाही एक नेमच.

शिऱ्याला चार-दोन दिवस होतात न होतात तोच पोटं पुन्हा बिघडली, आणि पहिल्यापेक्षा जोरात. जमनाबाई तर डोळे फिरवून पडली. मध्यरात्री ती लेकीचं नाव घेत होती आणि कस्तुराबाई तिच्या तळपायाला राख चोळत होती.

या वेळी डॉक्टरांबरोबर दौलतरावही आले, दमणी जोडून. डॉक्टर स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. कस्तुराबाईनं त्यांच्या बुटांकडे पाहिलं. त्यांनी मुकाट्यानं बूट काढले, पाय धुतले, हात धुतले, आणि पाटील मागून म्हणाले म्हणून पुन्हा पाय धुतले. मग आत बसून त्यांनी सगळं पाहिलं. रांजणाचं पाणी वाटीत घेऊन उजेडाला धरलं, दुधाचा वास घेतला, पीठ चिमटीत चोळलं. चांगला वेळ पाहून झाल्यावर ते पाटलांना म्हणाले, "माझ्या दवाखान्यापेक्षा ही जागा स्वच्छ आहे. पण पाटील, नासकं पोटात गेल्याशिवाय अशी पोटं बिघडत नाहीत. या चुलीवरून जात नाही. पण कुठून तरी जातंय."

पाटलांना त्यातलं ‘जातंय’ तेवढं ऐकू आलं. ते भले गृहस्थ होते, पण गावात त्यांच्या मागे लोक बोलू लागले होते, आणि भल्या माणसाला मागचं बोलणं फार लागतं. त्यांनी कस्तुराबाईला बाहेर बोलावलं आणि तिच्याकडे न पाहता, दमणीच्या बैलाकडे पाहत म्हणाले, "बाई, तुमच्याबद्दल माही तक्रार नाई. पन लोक म्हनून राह्यले का पाटलानं म्हातारे जगवाले आनले का माराले. मी पोळ्यापर्यंत पाहातो. तोवर या घरात आखीन कोनाचं पोट बिघडलं, त सयपाक बाबूलालकडे देतो."

कस्तुराबाई हळूच म्हणाली, "बरं, पाटील."

बाबूलाल म्हणजे मालेगावच्या मोटार अड्ड्यावरचा हाटेलवाला. त्याच्या खांद्यावर एक फडकं असे. त्या फडक्यानं तो कप पुसायचा, बाक पुसायचा, घाम पुसायचा आणि गिऱ्हाईक फारच मोठं असलं तर त्याच्यासमोर तेच फडकं एकदा झटकून पुन्हा कप पुसायचा. होळीला कढईत ओतलेलं तेल दसऱ्यापर्यंत उतरत नाही, फक्त वाढतं, असं सर्व्हिस मोटारीचे डायव्हर सांगत. मुदत पोळ्याची होती, पण बाबूलालला दम निघाला नाही. तो दुसऱ्याच दिवशी जागा पाहायला आला.

तेव्हा चूल पेटलेली होती, म्हणजे कस्तुराबाईचं मौन. तो जोड्यांसकट उंबऱ्यावर चढला. तिनं पळी आडवी धरली. बाबूलाल तिथंच उभा राहून बोलू लागला. शिंकं काढून टाकू, तिथं तेलाचा डबा राहील. पाण्याच्या वाट्या कायले, उगाच पाय अडकतो. मग उतरंडीकडे पाहून त्याला खरंच तिची कीव आली. "एवढे भांडे घासत बसतं काहून वं बाई? एका फडक्यानं काम होते," असं म्हणून त्यानं खांद्यावरचं फडकं काढून तिला दाखवलं. तिनं डोळे मिटून घेतले. बाबूलालला वाटलं, बाई देवाचं नाव घेऊन राह्यली. ते खरंच होतं.

तो गेल्यावर तिनं उंबरा दोनदा धुऊन काढला. ती चूल गेली तर आपण दालनातल्या एखाद्या खाटेवर जाऊन पडायचं आणि बाबूलालच्या हातचं खायचं, याच्यापुढे तिचा विचार जात नव्हता. आपल्याकडून कुठंतरी चूक झाली असणार. नेमात खंड पडला असेल. मग तिनं आणखी मन लावून वार धरले. आधीच रोज संध्याकाळी देवळीपुढे सगळे गोळा होत, हातात चार दाणे घेऊन त्या त्या वाराची कहाणी ऐकत आणि प्रसाद घेत. आता तो प्रसाद वाढला. सोमवारी लाह्या-गूळ, बुध-गुरुवारी दहीभात, शुक्रवारी पुरण आणि फुटाणे, शनिवारी उडदाचे वडे, रविवारी खीर. कोणी म्हणालं, बाई, पोट भरलं, तर ती मऊ आवाजात सांगायची, प्रसादाला नाही म्हणू नये, ठेवा, मग खा. देवाच्या प्रसादाला कधी कीड लागत नाही.

एके दिवशी पाऊस उघडला आणि चांगलं ऊन पडलं. सगळ्या वाकळा आणि गोधड्या बाहेर उन्हात टाकू म्हणून कस्तुराबाई दालनात आली. पुंजाजी आपल्या वाकळेवर बसून होता आणि उठायला तयार नव्हता. त्याचे गुडघे दुखत होते, मग कंबर, मग तो म्हणाला की या वाकळेला उन्हाची सवय नाही. तेवढ्यात कस्तुराबाईला भिंतीच्या कडेनं मुंग्यांची एक ओळ दिसली. ओळ चांगली जाडजूड होती, खाऊन-पिऊन सुखी. ती देवळीखालून निघाली होती आणि सरळ पुंजाजीच्या उशाशी जात होती.

"उठा बुवा," ती म्हणाली.

पुंजाजी उठला. वाकळ उचलली तर खालून एक गाठोडं निघालं आणि गाठोड्यातून सव्वा शेरातला शिरा. त्याला आता हिरवी लव आली होती, बारीक, मऊ, पावसाळी गवतासारखी. त्याच्याखाली वडे. त्याच्याखाली पुरण, ज्याला वास होता, आणि काहीतरी करवंटीत, जे पूर्वी दहीभात असावं.

मग शेजारची गोधडी उचलली. मग त्याच्या शेजारची. उदयसिंगनं आपली पत्र्याची पेटी उघडायला नकार दिला, म्हणाला सरकारी आहे, झडतीचा हुकूम दाखवा. जमनाबाईनं ती उघडली. आत पट्टा, बिल्ला आणि खिरीची वाटी. खुद्द जमनाबाईच्या चोळखणात पुरणाचे गोळे बांधलेले होते, एकेक वेगळा. तिची लेक पोहरादेवीच्या बाजूला दिलेली, वर्षाकाठी एखाद्या वेळी येणारी. ती आली म्हणजे तिच्या हातावर काहीतरी ठेवायला हवं ना. पण लेक येईना, आणि गोळे जुने होऊ लागले, म्हणून जमनाबाई एकेक स्वतः खाऊन जागेवर नवा ठेवत होती.

कस्तुराबाई तशीच उभी राहिलेली पाहून पुंजाजीला राग आला. त्याचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या वावरात गेलं होतं, आणि पावसाळ्याच्या दिवसांत घरात दाणा नसणं त्याला हाडांपर्यंत ठाऊक होतं. तो म्हणाला, "असी काय पाहून राह्यली माह्याकडे? तूच त म्हनली, परसादाले नाई म्हनू नये, ठेवा, मंग खा. मंग खाल्ला. पहाटी आंघोळ करून खातो म्या, देवाचं नाव घेऊन. आन परसादाले कीड लागत नाई, हेही तूच म्हनली. हे कीड नाई, हे नुसती लव हाय."

कस्तुराबाई खाली बसली. लाकडं धुतली, पाटाखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, डॉक्टरांना पाय धुवायला लावले, आणि सगळं नासकं गेलं ते आपल्याच ओंजळीतून, वर तुळशीचं पान ठेवून. पोटं बरी व्हावीत म्हणून जो शिरा केला, त्यानंच ती बिघडली. आता तिला आपल्या मौनाचंही हसू आलं आणि रडूही. एवढं मौन पाळलं ते चुलीपाशी, आणि नेमकं जिथं गप्प बसायला हवं होतं तिथं आपण बोलत राहिलो.

आता त्या ढिगाचं काय करायचं? उकिरड्यावर टाकायचं म्हटलं तर सगळं दालन तिच्यावर उठलं. देवाचा प्रसाद उकिरड्यावर? गाईला द्यावा, तर गाईनं काय पाप केलं. पुंजाजी म्हणाला, विहिरीत शिरवू, गणपतीसारखा. कस्तुराबाईनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. शेवटी ठरलं की मागच्या उंबराच्या झाडाखाली खोल खड्डा करून प्रसाद मातीला द्यायचा. पण असा गुपचूप नाही. इतके दिवस उराशी सांभाळलेली वस्तू, टाळ-भजनाशिवाय कशी निघेल? मग पितळी परातीत तो सगळा ऐवज भरला, वर धुतलेला पंचा झाकला, उदयसिंगनं पुढे जागा केली, पुंजाजीनं परात डोक्यावर घेतली आणि म्हाताऱ्यांची ओळ टाळ वाजवत, भजन म्हणत, नाकाला पदर आणि शेले लावून मागच्या दारानं निघाली.

नेमके तेव्हा दौलतराव सडकेवरून चालले होते. त्यांनी टाळ ऐकले, भजन ऐकलं, पंचा झाकलेलं काहीतरी डोक्यावरून जाताना पाहिलं, आणि दमणीतून उडी टाकून पागोटं हातात घेऊन धावत आले. त्यांनी विचारलं, कोन गेलं?

"परसाद गेला, मालक," उदयसिंग म्हणाला. "मातीले चाललो."

उंबराखाली खड्डा बुजून झाल्यावर कस्तुराबाई पाटलांसमोर येऊन उभी राहिली. तिला वाटलं असतं तर म्हाताऱ्यांवर ढकलता आलं असतं, आणि कोणी खोटं म्हणू शकलं नसतं. पण तिच्या मनात तो विचार आला नाही. ती म्हणाली, "पाटील, पोटं माह्या हातानं बिघडली. म्याच ओंजळी भरभरून देल्ला, आन म्याच म्हनली का ठेवा."

पाटलांनी पागोटं पुन्हा डोक्यावर ठेवलं. सोपं आहे म्हणाले, प्रसाद बंद करा. कस्तुराबाईनं मान हलवली. तिचा आवाज नेहमीसारखाच खालचा होता. "ते नाई व्हनार. देवापुढं ठेवल्याबिगर म्या कोनाले घास देल्ला नाई. सयपाक घेता त घ्या, चूल सारवून देते."

आता पेच पाटलांना पडला. आईच्या नावानं चालवलेल्या घरात, ऐन श्रावणात, पाटलानं प्रसाद बंद केला, हे गावात सांगायचं कसं? ते म्हणाले की पोळ्यापर्यंतची बोली तशीच आहे, कसं निभवायचं ते बाईनं पाहावं. आणि दमणीत बसून निघून गेले.

त्या संध्याकाळी भाकरी थापताना कस्तुराबाईला बापाचा मळा आठवला. बापानं नवस केला की सगळं घर वावरात जाऊन गोवरीच्या आरात कणकेचे रोडगे भाजायचं, तिथंच महादेवाला दाखवायचं आणि तिथंच बसून संपवायचं. एक तुकडासुद्धा घरी न्यायचा नाही. उरलं तर तिथंच मातीत. लहानपणी तिनं एकदा रोडग्याचा तुकडा परकराच्या ओच्यात लपवला होता, तो आईनं वावराच्या धुऱ्यावर काढून घेतला. म्हणजे असा नेम होताच. तिला नवा काढायची गरज नव्हती, फक्त धरायची होती.

कहाणी झाल्यावर तिनं सांगितलं. आजपासून हा रोडग्याचा नेम. प्रसाद जागेवरच. जो आणील त्यानं पहिला घास खायचा, मग बाकीच्यांनी. तीन बोटांवर राहील एवढाच द्यायचा. देवळीपुढून उठायचं ते चूळ भरून. आणि एक शीत जरी गोधडीकडे गेलं, तर देणारीचा उपास.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी तिथंच खाल्लं. पुंजाजीनंही खाल्लं, असं दिसलं. पण चूळ भरताना तो काहीतरी वेगळ्याच तऱ्हेनं भरत होता, आणि देवळीपासून वाकळेपर्यंत एक शब्द बोलला नाही, हे त्याच्या स्वभावात बसत नव्हतं. उदयसिंगनं त्याला मध्येच गाठून नमस्कार केला. नमस्काराला उत्तर द्यायचं तर तोंड उघडणं आलं. गालातून पुरण निघालं.

कस्तुराबाई रागावली नाही. तिनं फक्त त्या रात्री ताट घेतलं नाही. आता तिचे एवढे उपास, की त्यात एक वाढला तर कोणाला कळणार? पण दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापताना तिला भोवळ आली आणि तवा हातातून पडला, तेव्हा जमनाबाईनं विचारून विचारून काढलंच. मग दालनात पुंजाजीची जी काही शोभा झाली, ती इथं लिहिण्यासारखी नाही. दुपारी तो पाय धुऊन, हात धुऊन, पुन्हा पाय धुऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आला, आणि आ करून उभा राहिला. आत दात नव्हते, पुरणही नव्हतं.

"पाह्यलं, बुवा," कस्तुराबाई म्हणाली. "मिटा आता."

तेव्हापासून तशी रीतच पडली. प्रसाद झाला की सगळे ओळीनं बसून आ करायचे आणि उदयसिंग हात मागे बांधून, एकेका तोंडापुढे थांबत, तपासणी करत पुढे जायचा. बऱ्याच वर्षांनी त्याला हुद्द्यावर आल्यासारखं वाटत होतं. मुंग्यांची ओळ विरळ झाली, मग दिसेनाशी झाली. टमरेलं कोपऱ्यात पालथी पडून राहिली. श्रावण सरत आला. कस्तुराबाई रोज उठून दिवस मोजत नव्हती, कारण मोजले की मोडतात अशी तिची समजूत, पण जमनाबाई तिच्यासाठी मोजत होती आणि रोज तिला येऊन सांगत होती.

पोळा आला. पुरणपोळीचा नैवेद्य झाला, मौन सुटलं. बैल सजवायची गडबड गावात सुरू होती आणि दौलतराव शेंदूर, गोंडे लावायच्या कामात असूनही मुद्दाम आले, कारण आज मुदत संपत होती. त्यांच्या मागोमाग बाबूलाल. त्याला खबर लागली होती की म्हाताऱ्यांची पोटं धड आहेत आणि चूल हातची चालली. म्हणून त्यानं नवं धोतर नेसलं होतं, खांद्यावरचं फडकं धुतल्यासारखं दिसत होतं, आणि डोक्यावर पेढ्यांची टोपली होती. पोहरादेवीहून खास देवीचा प्रसाद आणला, म्हाताऱ्या माणसांचे आशीर्वाद घ्यावे म्हणून, असं त्यानं पाटलांना सांगितलं. पाटलांना बरं वाटलं.

देवीचं नाव ऐकून सगळे हात धुऊन देवळीपुढे ओळीनं येऊन बसले. बाबूलालनं एकेकाच्या हातावर पेढा ठेवला. कोणीच खाईना. सगळे त्याच्याकडे पाहत राहिले.

"खा ना," बाबूलाल म्हणाला.

पुंजाजीनं त्याला घरची रीत समजावून दिली. प्रसाद इथं जागेवरच संपतो, आणि जो आणतो तो पहिला खातो. बाबूलाल हसला. त्यानं एक पेढा उचलला, तोंडाजवळ नेला, आणि तिथंच हात थांबला. त्यानं पेढा उलटून पाहिला. मग पुन्हा सुलटा केला. आपल्या कपाटातले हे पेढे नागपंचमीच्याही आधीपासून तिथं आहेत, हे त्या दालनात फक्त त्यालाच माहीत होतं.

"मले आज उपास हाय," तो म्हणाला.

त्या ओळीत उपासाची जाण सर्वांना होती. जमनाबाईनं विचारलं, पोळ्याचा? सबन गाव पुरनपोळी खाते, बैलालेबी भेटते, तुलेच काहून उपास? उदयसिंग उठून त्याच्या बाजूला येऊन उभा राहिला, हात मागे बांधून. पाटीलही पाहत होते. देवीचा प्रसाद पाटलांसमोर नाकारायचा, की खायचा, असा तो क्षण होता. बाबूलालनं डोळे मिटले आणि पेढा तोंडात टाकला.

"आ करा," उदयसिंग म्हणाला.

बाबूलालनं आ केला. म्हणजे गिळावाच लागला.

आता बाकीचे हात तोंडाकडे निघाले होते. कस्तुराबाई ओळीच्या टोकाशी बसली होती. तिनं आपल्या हातावरचा पेढा नाकापाशी नेला, आणि मग हळूच उठून परात घेऊन ओळीपुढून फिरली. म्हणाली, रीत पहिल्या घासाची आहे, तर पहिला घास जरा पचू द्या, मग आपण घेऊ. सगळ्यांनी पेढे परातीत ठेवले. काही जणांनी बोटं हुंगली.

मग सगळे बसून बाबूलालकडे पाहू लागले. त्यानं एक-दोनदा पाटलांशी पावसाबद्दल बोलून पाहिलं. कपाशी कशी आहे विचारलं. मग त्याच्या बोलण्यात खंड पडू लागला, मग कपाळावर घाम आला, तो त्यानं फडक्यानं पुसला, आणि मग तो उठून अगदी खालच्या आवाजात उदयसिंगच्या कानाशी काहीतरी बोलला. उदयसिंगनं कोपऱ्यातलं टमरेल उचलून त्याच्या हातात दिलं.

परत आला तेव्हा तो ओट्यावर भिंतीला टेकून बसला. कस्तुराबाईनं ओवा टाकून उकळलेलं पाणी आणलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं मान वर न करता कबूल केलं की पेढे पोहरादेवीचे नाहीत, आपल्याच कपाटातले आहेत, आणि देवीची माफी मागितली. देवीची काही हरकत नसावी, कस्तुराबाई म्हणाली, पण पाणी गरमच प्या.

हे सगळं झाल्यावर ती पाटलांपुढे येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर नीट घेतला. कोणीही तिला विचारलं नव्हतं, पण बोली म्हणजे बोली होती.

"पाटील, पोळा आजून सरला नाई," ती म्हणाली. "आन पोट त याच घरात बिघडलं."

मग पुंजाजी, जमनाबाई आणि उदयसिंग तिघंही एकाच वेळी बोलू लागले. उदयसिंगचं म्हणणं असं की बाबूलाल या घरचा इसम नाही, मालेगावचा आहे, आणि माल त्यानं स्वतः आणलेला, म्हणजे गुन्हा त्याच्या हद्दीतला. पुंजाजी म्हणत होता की पोट बिघडलं ते देवाच्या घरात, चुलीचा काय संबंध. जमनाबाई फक्त एवढंच म्हणत होती की या बाईला कोणीतरी गप्प बसवा.

दौलतराव हसू लागले. ते इतके हसले की त्यांना पागोटं काढून हातात घ्यावं लागलं. मग डोळे पुसत ते म्हणाले, "बाई, माह्या घरी बैलाचे शिंगं रंगवून ठेवले आन मी इथं. मले पहिले पुरनपोळी वाढा. तूप जास्त."

कस्तुराबाईनं विचारलं, म्हणजे चूल?

पाटील म्हणाले की पुरणपोळी काय बाबूलालच्या हाटेलातून आणायची आहे?

ती आत गेली. तिनं पाटलांना वाढलं, म्हाताऱ्यांना वाढलं, आणि जमनाबाईच्या पोळीवर तूप जरा जास्तच पडलं. ओट्यावरून बाबूलालनं बारीक आवाजात विचारलं की अकोल्याहून येणारी शेवटची मोटार अजून जायची आहे ना. उदयसिंगनं बाहेर सडकेकडे पाहिलं. मोटार धुरळा उडवत मालेगावकडे चालली होती.

"आता उद्याच," तो म्हणाला आणि कोपऱ्यातली बाकीची टमरेलंही आणून त्याच्याजवळ ओळीनं ठेवली. "आजच्या रातीचे सारे नंबर तुमचेच."